वाचकांचे प्रश्न : आधी अंदाज, मग बटण

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी धायरीला राहते. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई असे एका विज्ञान केंद्रात गेलो होतो. मुलगा दिसेल ते बटण दाबत सुटला. दिवा लागला की नाही हेही न बघता पुढच्या बटणाकडे पळायचा. मुलगी दोन-चार ठिकाणी रमली होती, पण "चल, अजून वरचा मजला राहिलाय" म्हणत आम्हीच तिला ओढून नेलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या दारापाशी बाकावर बसून राहिल्या. हे प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. घरी आल्यावर "काय काय पाहिलं?" विचारलं, तर दोघांनाही फक्त वडापाव आठवत होता. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. मुलीनं "असं का होतं?" विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. मे महिन्यात पुन्हा जायचं घाटतंय. जावं का? जायचं तर आधी काही वाचून जाऊ का? की हे काम शाळेच्या सहलीवरच सोडावं?
— एक आई, धायरी

उत्तर : जा, नक्की जा. आणि शाळेच्या सहलीवर मुळीच सोडू नका. ३१ वर्षं शाळेच्या सहली नेलेली बाई म्हणून सांगते.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आठवीच्या मुलींना घेऊन आम्ही एका विज्ञान केंद्रात गेलो होतो. तिथे दोन कललेल्या दांड्यांवर ठेवलेला लाकडी भोवऱ्यासारखा एक जोडशंकू होता, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. दांड्या एका बाजूला जवळ, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. फाकलेली बाजू उंच. शंकू खालच्या टोकाला ठेवला की आपोआप उंच बाजूकडे गडगडत जायचा. एक मुलगी तिथे उकिडवी बसली. पाच-सहा वेळा तिनं तो सोडून पाहिला. मग डोळे दांड्यांच्या पातळीला आणून एकटक बघत म्हणाली, "बाई, हा चढतोय की उतरतोय?" मी म्हटलं, "पाटीवर लिहिलंय ते वहीत उतरवून घे, बस थांबलीय." दंडाला धरून उठवलं तिला. वर्गात त्या तोडीचा प्रश्न मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला, आणि तो आला तेव्हा मला बस दिसत होती. तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

म्हणून ते उत्तर आज तुम्हाला देते. यात तुमच्या पोटातल्या गोळ्यावरचा उपायही आहे.

स्वयंपाकघरातली दोन सारखी नरसाळी घ्या. तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा, झाला जोडशंकू. दोन फूटपट्ट्या उघडलेल्या चिमट्यासारख्या मांडा. एका बाजूची टोकं जवळजवळ चिकटलेली, दुसऱ्या बाजूची साधारण १५ सेंटिमीटर फाकलेली. चिकटलेल्या टोकांखाली पुस्तकांची एक चवड ठेवा. फाकलेल्या दोन टोकांखाली तेवढ्याच उंचीच्या दोन चवडी आणि प्रत्येकीवर एक जाड वही जास्तीची. चवड नरसाळ्याच्या तोंडाच्या निम्म्याहून उंच हवी, नाहीतर फुगीर भाग टेबलाला टेकतो. आता जोड अरुंद बाजूला ठेवून सोडा. तो वहीच्या बाजूला, म्हणजे उंचावर जाईल.

इथे लगेच "का?" कडे जाऊ नका. मुलीच्या हातात तिसरी पट्टी द्या आणि म्हणा, "नरसाळ्याची नळी टेबलापासून किती उंच आहे ते मोज. निघताना एकदा, पोहोचल्यावर एकदा." ती मोजेल आणि तिचे डोळे मोठे होतील, कारण नळी खाली आलेली असेल. पट्ट्या चढतात, पण त्या फाकत जातात तसा मधला फुगीर भाग त्यांच्यामध्ये अधिकाधिक खाली बसतो. वहीनं दिलेल्या चढापेक्षा हा उतार जास्त. डोळा पट्ट्यांकडे बघतो म्हणून फसतो. नंतर तिला वह्या वाढवू द्या, दोन, तीन, चार. कुठेतरी जोड जागचा हलणार नाही, किंवा उलट गडगडत येईल. कितव्या वहीला तसं होईल ते तिनं आधीच सांगायचं.

यात तुम्हाला पदार्थविज्ञान कुठे लागलं? लागली ती एक पट्टी आणि "मोज बघू" हे दोन शब्द. मुलीच्या "असं का?" ला तुमच्याकडून व्याख्या नकोच आहे. "मलाही माहीत नाही गं, काय केलं तर कळेल?" हे प्रामाणिक उत्तर आहे आणि पुरेसं आहे. पाठ केलेलं वाक्य तिला पुस्तकात मिळणारच आहे. आई आपल्याबरोबर विचारात पडली, हे पुस्तकात मिळत नाही.

तेव्हा आधी वाचून जायची गरज नाही. एवढं मात्र करा, प्रत्येक यंत्रासमोर हात लावण्याआधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा. "मी हे सोडलं तर काय होईल?" थोरलीनं सांगायचं, धाकट्यानं सांगायचं, आजीनं आणि बाबांनीही सांगायचं. मग करून बघायचं. अंदाज चुकला की माणूस तिथेच थांबतो, कारण त्याला आता हिशेब लावायचा असतो. अंदाज न करता बटण दाबलं तर दिवा लागतो आणि विषय संपतो. बटण आणि दिवा एवढंच असलेल्या मांडण्या मला स्वतःला आवडत नाहीत. ज्यात तुमचा हात, तुमचं वजन, तुमचा आवाज किंवा तुमची सावली यंत्राचा भाग होते, त्यांपाशी थांबा.

तुमच्या धाकट्याला अशाच जागा द्या. पाच वर्षांचं पोर बटणं दाबत पळतं त्यात त्याचं काही चुकत नाही. "मी केलं की काहीतरी होतं" हाच त्याच्या वयाचा शोध आहे. सावलीची भिंत असेल तर त्याला तिच्यासमोर सोडा. झगझगीत प्रकाश पडतो, भिंतीवरचा खास रंग तो धरून ठेवतो आणि हळूहळू परत देतो. अंगाआड झाकलेल्या भागाला प्रकाश मिळालेला नसतो, म्हणून मूल बाजूला झालं तरी काळी सावली भिंतीवर चिकटून राहते. तो उडी मारेल, तंगडी वर करेल, तुमच्या कडेवर बसून दोन डोक्यांचा राक्षस करेल. वीस मिनिटं करू द्या. वरचा मजला राहिला तर राहिला.

फिरत्या खुर्चीवर थोरलीला बसवा. हात पसरून फिरवायचं आणि मग तिनं हात छातीशी घ्यायचे, वेग एकदम वाढतो. हे सासूबाईंना आधी विचारा. मंगळागौरीला फुगडी घातलेल्या बाईला हे अंगानं ठाऊक असतं, जोडीदारणीला जवळ ओढलं की गरगर वाढते. फार तर एवढं करा, खुर्चीवर बसताना ओढणी नीट खोचून घ्यायला लावा.

सासूबाईंबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय. त्या दारापाशी बसून राहिल्या हे वाचून वाईट वाटलं. विज्ञान केंद्र मुलांसाठी आणि आजी पिशव्या सांभाळायला, असं आपण गृहीत धरतो. पुष्कळ विज्ञान उद्यानांत समोरासमोर, बऱ्याच अंतरावर, दोन मोठ्या थाळ्या उभ्या केलेल्या असतात. एकीपाशी नातवंड, दुसरीपाशी आजी. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून आपापल्या थाळीकडे तोंड करायचं आणि नेमून दिलेल्या ठिकाणी अगदी हलक्या आवाजात बोलायचं. थाळीचा वाक असा असतो की त्या ठिकाणाहून निघालेला आवाज तिच्यावर आपटून सरळ समोर जातो, आणि पलीकडची थाळी तो पुन्हा एका ठिकाणी गोळा करते. मध्ये शंभर माणसं बोलत असली तरी आजीच्या कानाशी कुजबुज येते. कमी ऐकू येणाऱ्या एका आजोबांना मी तिथे पाहिलंय. नातीनं पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, पण ते तिथून हलेचनात. सासूबाईंसाठी एक हलकी घडीची खुर्ची बरोबर घ्या आणि आत नेता येईल का ते दारावर विचारा.

आणि कप्प्या! दोरानं स्वतःला किंवा वजनाला वर ओढायच्या कप्प्या दिसल्या की सासूबाईंना पुढे करा. त्यांनी रहाटानं पाणी शेंदलं असेल तर त्यांच्या हाताला जे माहीत आहे ते तुमच्या यजमानांच्या पाटीत नाही. एकच पक्की कप्पी असेल तर जोर तेवढाच लागतो, फक्त वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं आणि अंगाचं वजन कामी येतं. वजनाबरोबर वर-खाली होणारी कप्पी जोडली की जोर साधारण निम्मा होतो. इथे थोरलीनं दोर मोजायचा. वजन एक मीटर वर न्यायला हातातून दोन मीटर दोर ओढावा लागतो. फुकट काही मिळत नाही, हे तिला दोरच सांगेल.

यजमानांनी पाट्या जरूर वाचाव्यात, फक्त यंत्राशी खेळून झाल्यावर. डोक्यात प्रश्न तयार झालेला असला की तीच पाटी मुलं ओढून घेऊन वाचतात.

तुमच्या मनात "इतके पैसे देऊन काय शिकले?" असं येतं, ते मी समजू शकते. ज्यांनी ही 'हात लावा' पद्धत जगभर रुजवली त्यांपैकी एक फ्रँक ओपेनहायमर. अणुबाँबच्या प्रकल्पामुळे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. राजकीय संशयामुळे विद्यापीठाची दारं बंद झाली तेव्हा त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि मग तिथल्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. पुढे १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडलं. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. मला त्यातली गुरं पाळल्यानंतरची शाळामास्तरकी फार महत्त्वाची वाटते. मुलं कशानं थांबतात आणि कशानं पळतात, हे त्यांनी वर्गात उभं राहून पाहिलेलं होतं.

आता जायचं कुठे? चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळचं सायन्स पार्क तुमच्या कुटुंबाला बरं पडेल. पिंपरी चिंचवड महापालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांनी मिळून उभारलेलं हे केंद्र २०१३ साली सुरू झालं. आत दालनं आहेत आणि बाहेर मोकळ्या जागेतही खेळण्यासारख्या मांडण्या आहेत. गाड्यांच्या कारखान्यांच्या गावाला शोभेल असं वाहनांचं दालनही आहे, बाबांना तिथे सोडा. मे महिन्यात दुपारी बाहेरच्या लोखंडाला हात लावणं कठीण, म्हणून दार उघडतं त्या वेळेलाच पोहोचा, आधी बाहेरचं करा आणि ऊन चढलं की आत जा. दोन-अडीच तास पुरे. डबा घरचा न्या, पोट भरलेलं मूल यंत्रापाशी जास्त टिकतं. शक्य असेल तर रविवार टाळा. रांगेत मागचा "आटप की" म्हणत असला की अंदाज-बिंदाज काही होत नाही.

स्थितिक विजेचा, म्हणजे केस उभे राहण्याचा प्रयोग पाहायचा असेल तर मात्र डिसेंबर-जानेवारीत पुन्हा एक फेरी मारा. पुण्याची तेव्हाची कोरडी हवा त्याला मानवते. पावसाळ्यात दमट हवेमुळे साठलेला प्रभार निसटून जातो आणि केस ढिम्म हलत नाहीत. जुलैत तो प्रयोग नीट होत नसेल तर यंत्र बिघडलंय असं धरून चालू नका.

परतताना गाडीत "काय शिकलात?" विचारू नका. "कुणाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला?" विचारा. सुरुवात स्वतःपासून करा.

प्रश्न : नातू फेब्रुवारीत परदेशातून महिनाभर येतोय, वय १०. त्याला पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था दाखवावी अशी माझी फार इच्छा आहे. पण तिथला तो लंबक म्हणजे टांगलेला गोळा. मोबाइलवर वाढलेल्या मुलाला त्यात काय दिसणार?
— एक आजोबा, औंध

उत्तर : आजोबा, २८ फेब्रुवारी गाठा. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. आयुकाची दारं त्या दिवशी सगळ्यांसाठी उघडी असतात. पुणेकर रांगा लावून येतात, तेव्हा सकाळी लवकर निघा. एरवी जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते.

लंबक टांगलेल्या गोळ्यासारखा दिसतो हे खरं. तो हलतो तो आपला मागे-पुढे. पण नातवाला म्हणा, "आत्ता गोळा कुठल्या रेघेवरून जातोय ते नीट बघून ठेव. आपण तासाभरानं परत येऊ. रेघ तीच असेल का?" अंदाज वदवून घ्या आणि तिथून निघा. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, तिथे जा. मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहा. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं नाव, आणि त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत आपले पु. ल. त्याला हे नाव फोडून सांगा. परदेशात वाढलेल्या नातवाला एवढं मराठी आजोबांकडूनच मिळायचं.

तासानं परत या. गोळ्याची वाट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जरा वळलेली असेल, पुण्यात तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास. गोळा मधल्या जागेपासून एक मीटर लांब जात असेल तर टोकाला फरक सुमारे ८ सेंटिमीटरचा. मधल्या वेळात गोळ्याला कुणी बाजूला ढकललेलं नाही. त्याच्याखालची जमीन वळलीय, तुम्हा दोघांना घेऊन. लेऑन फूको यांनी १८५१ साली पॅरिसमध्ये ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून लोकांना हेच डोळ्यांनी दाखवलं.

नातू हुशार असेल तर विचारेल, "पृथ्वी २४ तासांत फिरते, मग तासाला १५ अंश का नाही?" विचारलं नाही तर तुम्ही विचारा. ध्रुवावर पूर्ण १५ अंश होतात आणि विषुववृत्तावर शून्य. आपण पुण्यात साडेअठरा अक्षांशांवर, म्हणजे विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ. म्हणून इथे गोळ्याच्या वाटेला पूर्ण फेरा मारायला सुमारे ७५ तास लागतात. तो जिथे राहतो त्या गावाचा अक्षांश त्यानं शोधायचा आणि तिथे किती तास लागतील त्याचा हिशेब परत गेल्यावर तुम्हाला कळवायचा. दहाव्या वर्षी त्याला त्रिकोणमिती येत नसणार. २४ तास भागिले अक्षांशाचा साइन, हे सूत्र फोनवर तुम्ही सांगा, औंधहून.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ४० मुलं. पुण्यापर्यंत बसचा खर्च पालकांना झेपत नाही. काय करावं?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, तुमच्या तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. त्याच्या ३० थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं. पुण्याची मुलं दोन तास प्रवास करून ते बघायला येतात. मुलांना आधी शाळेच्या मैदानावर दोरीनं ४५ मीटरचं वर्तुळ आखायला लावा, मैदानात मावतं का बघा, आणि मग न्या.

उरलेल्या वर्षभरासाठी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी आणा. अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांबरोबर काम करायला गेले आणि तिथे आगकाड्या व व्हॉल्व्ह ट्यूब यांचा मेकॅनो त्यांनी तयार केला. नंतर बरीच वर्षं त्यांनी आयुकाच्या मुलांच्या केंद्रात टाकाऊतून खेळणी घडवली.

काड्यांचं गूल खरवडून टाका. ट्यूबचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या खुपसल्या की झाला सांधा. तीन काड्या, तीन सांधे, त्रिकोण. चार काड्या, चार सांधे, चौकोन. दोन्ही मुलांच्या हातात द्या आणि विचारा, कोण दाबलं जाईल? चौकोन लगेच तिरका होऊन चपटा होतो. त्रिकोण कितीही दाबला तरी त्रिकोणच राहतो, सांधा निखळेल पण आकार बदलणार नाही. आता चौकोनाला वाकडा होऊ न देण्यासाठी आणखी किती काड्या लागतील आणि कुठे, ते त्यांच्यावर सोडा. कुणीतरी कोपऱ्यातून कोपऱ्यात काडी टाकेलच. ती काडी नेहमीच्या काडीपेक्षा लांब लागते, हेही त्यालाच सापडू द्या.

मग सगळ्यांना बाहेर काढा आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे दाखवा, शाळेच्या, नाहीतर एसटी स्टँडच्या. प्रत्येक कैचीत त्रिकोण किती, ते आधी अंदाजानं सांगायचं, मग मोजायचं.